प्रस्तावना : उभ्या गाडीचा कार्ब्युरेटर

वर्षभर एका जागी उभी राहिलेली मोटारसायकल सुरू होत नाही, तेव्हा तिच्यात काही मोडलेलेच असते असे नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर सगळे जिथल्या तिथे असते, प्लगवर ठिणगीही पडत असते. पण मालक बॅटरी बदलतो, प्लग बदलतो, उतारावरून ढकलत नेऊन गिअर टाकून बघतो आणि शेवटी ‘इंजिनचेच काम निघाले’ असे धरून चालतो. पुष्कळदा अडलेले असते ते अर्ध्या मिलिमीटरहून बारीक अशा एका भोकात. ते भोक मोकळे झाले की गाडी दोन किकमध्ये बोलते. या पुस्तकाचा विषय हे भोक, त्याच्या आजूबाजूच्या वाटा आणि त्या वाटा बुजवणारे पेट्रोल हा आहे. विषय दिसायला लहान आहे, पण त्यात रसायन आहे, यंत्रशास्त्र आहे, कारागिरीची शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा आहे आणि मेस्त्री लोकांमध्ये चालत आलेले काही जुने वादही आहेत. नव्या वाचकाला या सगळ्याचा नकाशा हाती मिळावा, एवढ्यासाठी हे चार शब्द.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन हळू चालत असो की जोरात, थंड असो की तापलेले, हे प्रमाण थोड्याफार फरकाने सांभाळत राहायचे आणि पेट्रोल धारेने न देता बारीक तुषारांच्या रूपात द्यायचे, हे कार्ब्युरेटरचे काम. त्यात पंप नाही, मोटर नाही. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की दाब उतरतो, हे डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली मांडले. नळी मध्येच आवळली तर काय होते, याचा अभ्यास इटलीच्या व्हेन्तुरीने त्याच शतकाच्या अखेरीस केला. जुन्या घरांत ढेकूण-डासांसाठी फ्लिटचा हातपंप असे, तो ज्यांनी वापरला आहे त्यांना हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. वेगाने जाणारी हवा आपल्या ओढीने खालचे द्रव वर खेचते आणि उडवते.

सुरुवातीची इंजिने मात्र अशी फवाऱ्यावर चालत नसत. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्याबरोबर वाफ घेतली जाई. हवामान बदलले की मिश्रण बदले. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर घडवला. फवाऱ्याला नेहमी एकाच उंचीवर पेट्रोल मिळायला हवे, म्हणून फ्लोट आला, फ्लोटबरोबर वर-खाली होणारी सुई आली आणि त्यांना सामावणारी कटोरी आली. आपल्या विषयाचे मूळ या कटोरीत आहे. इंजिन बंद झाले तरी तिच्यात थोडे पेट्रोल उरतेच, आणि गाडी उभी राहते तेव्हा पहिल्यांदा शिळे होते ते हेच पेट्रोल.

पुढे मोटारसायकलींपुरती दोन घराणी झाली. एकात थ्रॉटलची केबल थेट स्लाइड उचलते. मूठ पिळली तेवढी वाट उघडली. ब्रिटनमध्ये तीन जुन्या कंपन्या एकत्र येऊन १९२७ मध्ये स्थापन झालेली अमल ही या घराण्यातली मोठी कंपनी. जपानच्या मिकुनीने १९६० मध्ये अमलचाच परवाना घेतला आणि ती रचना आणखी नेटकी केली. दुसऱ्या घराण्यात केबल फक्त झडप फिरवते. स्लाइड वर जाते ती इंजिनच्या ओढीने, रबरी पडद्याच्या मदतीने. ओढीने स्लाइड उचलण्याची कल्पना ब्रिटिश एसयू कार्ब्युरेटरने १९०५ पासून मोटारींत रुजवली, ती नंतर दुचाकींवर आली.

आपल्याकडे ही दोन्ही घराणी नांदली. बुलेटवरचा मिक्कार्ब पहिल्या घराण्यातला. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० याही त्याच वळणाच्या. चेतक स्कूटरवर पुण्याच्या स्पाकोचा कार्ब्युरेटर असे, त्याची रचना इटलीच्या डेलॉर्टोच्या धर्तीची. पल्सर, युनिकॉर्न यांच्यापासून पडद्याचा कार्ब्युरेटर गावोगावी पोहोचला. ही घराणी ओळखता येणे साफसफाईच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. स्लाइडच्या कार्ब्युरेटरवर जो स्प्रे बिनधास्त मारता येतो, तोच पडद्याच्या कार्ब्युरेटरमध्ये आंधळेपणाने मारला तर रबर फुगते, सुरकुतते. मग जेट, म्हणजे पेट्रोलचे ते बारीक भोक, स्वच्छ असूनही रेस दिली तरी गाडी पळत नाही, आणि मेस्त्री पुन्हा जेटच साफ करत बसतो.

आता पेट्रोलकडे वळू. प्रत्येक मालकाने समजून घ्यावा असा भाग माझ्या मते हाच आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, ते कित्येक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक सहज उडून जातात, आणि गाडी सुरू होण्यासाठी नेमकी त्यांचीच गरज असते. कटोरी बाहेरच्या हवेशी बारीक नळीने जोडलेली असते, म्हणून ते उडत राहतात. मागे उरलेल्या जड घटकांची हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू प्रक्रिया होते. आधी पेट्रोलचा वास आंबूस होतो, मग रंग गडद होतो, मग चिकट पिवळसर थर धरतो आणि शेवटी तो थर सुकून व्हार्निशसारखा कडक होतो.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेट्रोलचा कॉक चालू ठेवून गाडी उभी केली, तर कटोरीतले पेट्रोल उडाले की फ्लोट खाली येतो, सुई उघडते आणि टाकीतून नवे पेट्रोल उतरते. तेही उडते, पुन्हा नवे येते. प्रत्येक वेळी मागे थोडा गाळ राहतो. म्हणजे एका कटोरीएवढ्या जागेत काही महिन्यांत कितीतरी कटोऱ्यांचा डिंक जमा होतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एकीचा कॉक बंद आणि दुसरीचा चालू असेल, तर उघडल्यावर दोन्हींच्या कार्ब्युरेटरमधला फरक कुणालाही डोळ्यांनी दिसतो. ज्या गाड्यांना पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळावे लागे, त्या राजदूत आणि बहुतेक येझदी यांच्यात गोष्ट आणखी वेगळी. पेट्रोल उडून जाते, तेल उरते आणि कटोरीच्या तळाशी काळपट, तेलकट थर बसतो. तो निघायला मात्र व्हार्निशपेक्षा सोपा.

कटोरी उघडल्यावर तिच्यातले रंग वाचायला शिकावे. पिवळा-तपकिरी थर म्हणजे शिळे पेट्रोल. पांढरी भुकटी म्हणजे पाणी शिरले आणि जस्त-अॅल्युमिनियमचा धातू खाल्ला गेला. पितळी जेटवर हिरवट डाग म्हणजे तीच ओल, दुसऱ्या धातूवर. तांबूस बारीक कण दिसले तर दोष कार्ब्युरेटरचा नाहीच, टाकी आतून गंजली आहे. टाकी आणि फिल्टर सोडून फक्त कार्ब्युरेटर साफ केला तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. अनुभवी मेस्त्री कटोरी उघडून क्षणभर नुसता बघत राहतो, तेव्हा तो हेच वाचत असतो.

पाण्याचा विषय आता पूर्वीपेक्षा गंभीर झाला आहे, कारण पेट्रोल बदलले आहे. देशाने २०२२ मध्ये दहा टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले, २०२३ पासून वीस टक्क्यांचे ई-२० पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्रास मिळते. त्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे, ऊस उत्पादकाला त्यातून आधार आहे, आणि या धोरणाशी माझे भांडण नाही. पण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते हे खरे आहे. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात, आणि रिझर्व्हवर असलेला कॉक तळातूनच पेट्रोल घेतो. कोकणातल्या बंद घराच्या पडवीत जूनपासून उभी असलेली गाडी गणपतीला सुरू होत नाही, यामागे हे एक कारण असू शकते. दुसरे असे की, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्याच्या वजनाच्या सुमारे नऊ पट. ठरावीक जेट असलेला जुना कार्ब्युरेटर स्वतःला बदलून घेऊ शकत नाही, म्हणून त्याचे मिश्रण थोडे पातळ पडते. त्यात गाडी संथ चालताना पेट्रोल देणारा स्लो जेट अर्धा बुजलेला असेल तर गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते. हे लक्षण ज्याला ओळखता आले, त्याने अर्धे निदान केले.

साफ कसे करावे, याबद्दल मात्र एकमत नाही. मी निरनिराळ्या शहरांतली गॅरेजे पाहिली आहेत. प्रत्येक ठिकाणी एखादी पद्धत धर्मासारखी पाळली जाते.

एक पंथ म्हणतो, उघडूच नका. टाकीत साफ करणारे औषध ओता, कटोरी भरू द्या, एक रात्र ठेवा, मग किक मारा. गाडी दोन-तीन महिने उभी असेल तर हे कधी कधी जमते. वर्षभर सुकलेल्या थरावर त्याचा उपयोग नाही, कारण औषध पोहोचायला वाटच उरलेली नसते.

दुसरा पंथ रॉकेल, ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा यांचा. आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजांचा हा मूळ धर्म, आणि त्याला कमी लेखू नये. रॉकेलने तेलकट मळ छान निघतो, हवेने वाटा मोकळ्या होतात. पण व्हार्निश रॉकेलमध्ये नीट विरघळत नाही आणि मागे तेलाचा पातळ थर राहतो. कॅनमधला कार्ब क्लीनर इथे सरस ठरतो, कारण त्यातले द्रावक सुकलेला डिंक खरोखर विरघळवतात. त्याच कारणाने तो ओ-रिंगा आणि पडदेही फुगवतो. एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यात येतो, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय कॅन हातात घेऊ नये.

तिसरा पंथ अल्ट्रासोनिक यंत्राचा. कोमट पाण्यात साबणी द्रावण, त्यात कार्ब्युरेटर, आणि सुमारे चाळीस हजार कंपने दर सेकंदाला. पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश जिथे जाऊ शकत नाही तिथला मळ सोडवतात. जुन्या, मौल्यवान कार्ब्युरेटरसाठी ही पद्धत मला सर्वात योग्य वाटते. मात्र यंत्रात घालण्यापूर्वी सगळे सुटे करावेच लागते, आणि पूर्ण बुजलेले भोक हे यंत्रही नेहमी उघडत नाही. लिंबू-व्हिनेगरमध्ये उकळण्याची घरगुती युक्तीही ऐकू येते. आम्ल जस्ताच्या धातूला खाते, म्हणून ती युक्ती टाळावी.

चौथा पंथ सगळ्यात नवा : साफ करू नका, बदला. बाजारात हुबेहूब दिसणारे कार्ब्युरेटर मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत विचारले तर जुन्या जवळजवळ कुठल्याही गाडीचा मिळेल. पण बाहेरून सारखे दिसणे आणि आतले जेट, स्लाइडच्या सुईचा उतार, फ्लोटची उंची सारखी असणे यांत फार अंतर आहे. अस्सल बॉडी तडकलेली नसेल, आटे गेलेले नसतील, तर तीच राखावी. जुनी बॉडी आणि नवा चांगल्या प्रतीचा रिपेअर किट ही जोडी स्वस्त नव्या कार्ब्युरेटरपेक्षा टिकाऊ ठरते, असे माझे ठाम मत आहे.

या पंथांच्या पलीकडचा एक वाद म्हणजे तार. जेट बुजला की केबलमधली एक तार काढून भोकात फिरवायची, ही सवय आपल्याकडे सर्वत्र आहे. जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ असते. ०.३५ मिलिमीटरचे भोक घासून ०.४० झाले, तर डोळ्यांना काही कळत नाही, पण त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते. गाडी मग स्लोला धूर टाकते, पेट्रोल जास्त पिते, प्लग काळा पडतो, आणि कुणीही जेटकडे बोट दाखवत नाही, कारण जेट तर ‘साफ’ असतो. पुस्तकाच्या लेखकाने नायलॉनच्या केसाला आणि अगदीच अडले तर तांब्याच्या एकेरी बारीक तारेला परवानगी दिली आहे. मी तांब्यालाही देणार नाही. रात्रभर क्लीनरमध्ये भिजवावा, हवा मारावी, उजेडाकडे धरून बघावा. भोक गोल दिसले नाही तर नवा जेट घ्यावा. जेट एकंदर दुरुस्तीच्या मानाने फार स्वस्त मिळतो.

हे सारे आज का लिहायचे? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याची चाहूल २००६ मध्येच लागली होती, हीरो होंडाच्या ग्लॅमरवर फ्युएल इंजेक्शन आले तेव्हा. नव्या मुलांना आज स्कॅनर लावायला शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण रस्त्यावर कार्ब्युरेटरवाल्या कोट्यवधी गाड्या अजून आहेत, आणि त्या जसजशा घरातली दुसरी-तिसरी गाडी होत जातात, तसतशा जास्त वेळ उभ्या राहतात. योगायोग असा की, ज्या आठवड्यात बीएस-६ आले त्याच्या आधीच्याच आठवड्यात टाळेबंदी लागली आणि देशभरच्या गाड्या एकाच वेळी जागेवर थांबल्या. त्यातल्या कित्येक नंतर कधी नीट चालल्याच नाहीत. वडिलांची राजदूत, काकांची आरएक्स, पहिल्या पगारात घेतलेली स्प्लेंडर : अशी गाडी आज कुणाच्या तरी जिन्याखाली प्लास्टिकखाली झाकून ठेवलेली आहे. ती भंगारात जाऊ नये असे घरातल्यांना मनापासून वाटते, पण हात कुठे घालावा ते कळत नाही. दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत आणि दुरुस्तीची गरज असलेल्या गाड्या वाढत आहेत.

लेखक कोल्हापूरकडचे, आयुष्य गॅरेजात घालवलेले. त्यांनी हे पुस्तक पेट्रोलच्या प्रवासाप्रमाणे रचले आहे. टाकीच्या झाकणातल्या हवेच्या भोकापासून सुरुवात करून कॉक, फिल्टर, सुई, कटोरी, जेट असे ते पुढे जातात आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारतात : इथून पेट्रोल किंवा हवा जाते आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? मला हा प्रश्न पुस्तकाचा गाभा वाटला. दिसणारा मळ काढणे सोपे आहे. कटोरी लखलखीत होते, बॉडी चकाकते, आणि स्लो जेटच्या मागची न दिसणारी वाट तशीच बुजलेली राहते. प्रत्येक वाटेच्या एका तोंडातून फवारा मारून तो दुसऱ्या तोंडातून बाहेर आलेला पाहिल्याशिवाय साफसफाई झाली असे म्हणू नये, हा लेखकाचा आग्रह आहे आणि तो मी शंभर टक्के मान्य करतो.

त्यांचा दुसरा आग्रह क्रमाचा. कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी ठिणगी, कॉम्प्रेशन आणि एअर फिल्टर बघा, कारण उभ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे सापडणे नवलाचे नाही. तिसरा आग्रह नोंदीचा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्या बसतात ते लिहून ठेवा. स्लाइडच्या सुईची क्लिप कितव्या खाचेत होती तेही लिहा. जपानी कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना साधा स्टार स्क्रूड्रायव्हर नीट बसत नाही आणि डोकी घासली जातात, यावर त्यांनी खर्च केलेली पाने कुणाला जास्त वाटतील. मला वाटली नाहीत. घासलेल्या चार डोक्यांमुळे कटोरीच न उघडता आलेले कार्ब्युरेटर गॅरेजात नेहमी येतात.

भाषा त्यांनी गॅरेजातलीच ठेवली आहे. गाडी ‘मिसिंग’ मारते, कार्ब्युरेटर ‘ओव्हर’ होतो, स्लोला बंद पडते. वाचकाला उद्या मेस्त्रीशी याच शब्दांत बोलायचे आहे, म्हणून हे बरोबर झाले. नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाने एके काळी हातच्या कामांबद्दल सामान्य माणसाला समजेल असे मराठीत लिहिण्याची वाट पाडली. हे पुस्तक त्या वाटेवरचे आहे. शर्यतीच्या गाड्यांचे ट्यूनिंग आणि चार-चार कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवण्याचे काम त्यांनी जाणूनबुजून बाहेर ठेवले आहे. एका सिलिंडरची, रोजच्या वापराची गाडी, एवढीच त्यांची मर्यादा. ती त्यांनी कसोशीने पाळली आहे.

एक कमतरता सांगतो. वापरलेल्या क्लीनरची आणि काढलेल्या शिळ्या पेट्रोलची विल्हेवाट कशी लावावी, यावर आणखी विस्ताराने लिहायला हवे होते. ते गटारात ओतणे ही आपली सवय वाईट आहे आणि धोक्याचीही. पुढच्या आवृत्तीत हे व्हावे.

शेवटी जुन्या मेस्त्रींना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या गॅरेजात तेलाचे डाग पडलेली एखादी वही असेल. कोणत्या गाडीला कितीचा मेन जेट, कितीचा स्लो जेट, हवेचा स्क्रू किती फेऱ्या, सुई कोणत्या खाचेत, असे आकडे तिच्यात लिहिलेले असतील. राजदूत, येझदी, चेतक यांच्या बाबतीत ते आकडे आता दुसरीकडे सहज सापडत नाहीत. ती वही रद्दीत टाकू नका. तिची नक्कल काढून जवळच्या आयटीआयला द्या, गॅरेजात शिकायला येणाऱ्या मुलाला द्या, नाहीतर या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे पाठवा.